पणजोबांच्या आधी पणजीला शोधा

वाचकाचं पत्र :

"नमस्कार. मी चिपळूणला राहते, नुकतीच शाळेतून निवृत्त झाले. माहेर गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठाला. माझ्या वडिलांचे आजोबा गोऱ्यांच्या बोटीच्या भट्टीवर आगवाले होते. आमचे आजोबा चार वर्षांचे असताना, पहिल्या लढाईच्या दिवसांत ते बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत. बोट बुडाली, असं घरात सांगतात. पण पणजीने मरेपर्यंत, म्हणजे १९५८ सालापर्यंत, कुंकू पुसलं नाही. गावात कुजबुज अशी की त्यांनी मुंबईला दुसरं घर केलं होतं. खरं काय ते मला शोधायचं आहे. आत्या सत्त्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणते, 'गाडलेलं उकरू नकोस.' तलाठ्याकडे जुने फेरफार मागायला गेले तर संध्याकाळी भावाचा फोन, 'तुला जमिनीत हिस्सा हवाय का, सरळ सांग.' मी शोध सोडून देऊ का? आणि नाही सोडला, तर सुरुवात कुठून करू?"

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी चारपाच वेळा वाचलं. पणजीने कुंकू पुसलं नाही, ते. तुम्ही ते ओघात लिहून गेलात आणि लगेच पणजोबांकडे वळलात. मला वाटतं, तुमचा शोध त्या वाक्यातच सुरू होतो. जो माणूस गाव सोडून गेला, त्याच्या खुणा गावात थोड्याच उरणार. जी मागे राहिली, जिने भात लावलं, खोताचं देणं चुकवलं, पोर वाढवलं, तिच्या खुणा मात्र त्याच तालुक्याच्या कागदांत आहेत. तो गेल्यावर लोकांनी त्याला मेलेला मानला की हरवलेला, हे तिच्या नावाच्या आगेमागे लिहिलेल्या दोन अक्षरांतून कळतं. म्हणून शोध सोडू नका. फक्त त्याची दिशा बदला.

आधी भावाचं बोलू, कारण ते निस्तरल्याशिवाय पुढचं काही धड होणार नाही. आपल्याकडे कुणी जुना फेरफार मागायला निघालं की भाऊबंदांच्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, चार गुंठ्यांत सहा हिस्सेकरी, एका फणसावरून दोन पिढ्या बोलणं बंद. त्यात हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तुमच्या भावाचा फोन रागाचा वाटला असेल, पण रागाच्या आत भीती आहे. तिला फोनवर उत्तर देऊ नका. एक दिवस माहेरी जा, वहिनीही समोर असताना बसा आणि काय शोधताय, कशासाठी शोधताय ते सांगा. मिळेल त्या प्रत्येक नकलेची झेरॉक्स त्याला द्या. जमलं तर तहसीलात त्यालाच बरोबर न्या. सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे, त्यामुळे अर्जही सोपा होतो आणि आपल्या पाठीमागे काही चाललंय ही शंकाही राहत नाही.

एक मात्र करू नका. 'मला जमीन नको' हे पटवून द्यायला म्हणून हक्कसोडपत्रावर सही करू नका. माहेरच्या माणसांची मनं राखायला बायकांनी अशा सह्या केलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या काही जणींना नंतर त्याचं फार दुःख झालं. हिस्सा हवा की नको, हे वेगळ्या दिवशी, वेगळा विचार करून, वकिलाला विचारून ठरवा. आजोबांच्या बापाचं काय झालं हे विचारण्याची किंमत म्हणून तो हक्क सोडायचा नसतो.

मुंबईचं दुसरं घर निघालं तर तिकडचे वारस दारात उभे राहतील, अशीही भीती भावाच्या मनात असू शकते. त्याने ती बोलून दाखवली तर ऐकून घ्या, हसण्यावारी नेऊ नका. पण जे कुणालाच माहीत नाही, त्याच्या धास्तीने घरातल्या बाईचं आयुष्य अंधारात ठेवायचं का, हेही त्याला विचारा.

आता कागद.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, १९१३ मध्ये तो महसूल कायद्यात घातला गेला. त्यानंतर जमिनीतला प्रत्येक बदल फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, उतरू लागला. तुमचे पणजोबा गेले ते नेमके याच काळात. तलाठ्याकडे सगळे जुने फेरफार असतीलच असं नाही. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि साधारण सालं लिहा. एकच साल लिहून अडकू नका, १९१५ ते १९३५ असा पट्टा मागा, कारण वारसाची वर्दी, म्हणजे खबर, माणूस गेल्यावर दहा-पंधरा वर्षांनीही दिलेली सापडते. वर्दीची तारीख ही मृत्यूची तारीख असं समजू नका. गुहागर हा पूर्वी चिपळूण तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता, तेव्हा गुहागरला कागद नाही म्हणाले तर चिपळूणलाही विचारा. ते तर तुमच्या घरापासून पायी अंतरावर असेल.

फेरफार हातात आला की मजकुराआधी त्यातले छोटे शब्द बघा. 'मयत' लिहिलंय की 'परागंदा' की 'बेपत्ता'? या तीन शब्दांत तीन वेगळी आयुष्यं आहेत. तुमच्या आजोबांचं नाव 'अ.पा.क.' या अक्षरांसह आलं असेल, म्हणजे अज्ञान (वयाने लहान), पालनकर्ता अमुक. तो पालनकर्ता कोण, आई की चुलता? आई असेल तर तिचं नाव कसं लिहिलंय? 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. हे अक्षर नवरा असो-नसो येतं, त्यावरून काही ठरत नाही. पण नावाआधी 'गं. भा.' असेल तर गावाने, निदान वर्दी देणाऱ्याने, तिला विधवा मानलं होतं. 'सौ.' असेल किंवा काहीच नसेल, तर थांबा आणि त्यावर विचार करा. पुढच्या सालांच्या नोंदींत हे अक्षर बदलतं का, तेही बघा. तलाठी बदलला म्हणून बदललं, की घरात काही कळलं म्हणून?

तुमचं गाव खोती असेल, तर सुरुवातीच्या नोंदींत जमीन खोताच्या नावावर आणि तुमचं घर कुळात दिसेल, किंवा दिसणारही नाही. निराश होऊ नका. खोती नष्ट करण्याचा कायदा १९४९ चा, कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन झाला, म्हणजे कसणारी कुळं त्या दिवशी जमिनीची मालक मानली गेली. पणजी तेव्हा हयात होती. त्या दहा वर्षांत कितीतरी कुळांची नावं पहिल्यांदा सरकारी कागदावर आली. त्यात पणजीचं नाव सापडलं तर ते कदाचित तिने स्वतः तलाठ्यासमोर उभं राहून सांगितलेलं असेल. मला तो कागद सगळ्यात मोलाचा वाटतो.

जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक मागा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा येण्याआधी गावातले जन्म नि मृत्यू त्यात लिहिले जात. बोटीवर गेलेल्याचा मृत्यू त्यात मिळणार नाही, कारण त्या वहीत गावात घडलेलंच येतं. पण पणजीचा १९५८ चा मृत्यू असायला हवा. आजोबांचा जन्मही. आणखी एक बघा, मन घट्ट करून : आजोबांच्या आगेमागे जन्मलेली, लहानपणीच गेलेली भावंडं. घरात ज्यांचं नाव कुणी काढत नाही, अशी मुलं त्या वह्यांतच भेटतात. शेवटच्या मुलाच्या जन्माचा महिना कळला तर पणजोबा शेवटचे घरी कधी होते, याचाही अंदाज येतो.

जुन्या नोंदी मोडीत असतील. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा ठिकठिकाणच्या अशा वह्या बासनांतून बाहेर निघाल्या, तपासल्या गेल्या, बऱ्याच स्कॅन झाल्या. त्यामुळे वही कुठे आहे हे सांगू शकणारा माणूस आज कार्यालयात भेटण्याची शक्यता पूर्वीपेक्षा जास्त आहे. मोडी वाचून देणारे चिपळूण-रत्नागिरीत मिळतात. तरी तुम्ही स्वतः मोडी शिका, असं मी मनापासून सांगेन. तुम्ही शिक्षिका होतात, पोरांना अक्षरं शिकवलीत, दोन-तीन महिन्यांच्या सरावात नावं आणि आकडे वाचता येतील. दुसऱ्याने वाचून दाखवलेलं पणजीचं नाव आणि आपण अक्षर अक्षर लावून वाचलेलं नाव, यांत फरक असतो.

नावाबद्दल माझीच चूक सांगते. राजापूरकडच्या माझ्या आईच्या आजोबांना शोधताना मी दोन वर्षं एका भलत्याच माणसाच्या मागे होते. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच, फक्त वाडी शेजारची. त्याचं कर्ज, त्याचा दावा, त्याने विकलेला कुणगा, सगळं मी आमच्या घरचं म्हणून वहीत उतरवलं होतं, आईला वाचूनही दाखवलं होतं. शेवटी एका वारस फेरफारात त्याच्या बायकोचं नाव आलं आणि ते आमच्या पणजीचं नव्हतं. आईला ते सांगताना माझा आवाज फुटेना. तेव्हापासून मी बाईचं नाव आधी शोधते. पुरुषांची चार-पाचच नावं एका भावकीत पिढ्यान् पिढ्या फिरतात, घरात आलेल्या सुना मात्र वेगवेगळ्या गावांच्या असतात. तुम्ही पणजीची दोन्ही नावं मिळवा, माहेरचं आणि सासरचं. तिचं माहेरचं गावही.

त्या गावाचं काम समुद्रावरही पडेल. बोटीवर माणसं भरायची तर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपल्या गावातली, नात्यातली, सोयऱ्यांच्या गावातली उचलायचा. त्यामुळे पणजोबांबरोबर पणजीचा भाऊ नाहीतर गावचाच कुणी त्याच बोटीवर असण्याचा संभव मोठा आहे. पणजोबांच्या नावाने काही मिळालं नाही, तर त्याच्या नावाने मिळेल. आणि तो परत आला असेल, तर त्याच्या घरी काहीतरी सांगितलं गेलं असेल. पणजीच्या माहेरी कुणी म्हातारं माणूस आहे का, बघा.

आता बोटीचे कागद. इंग्रजी दप्तरात हिंदी खलाशाला 'लॅस्कर' म्हणत, मूळ शब्द 'लष्कर'. त्यामुळे एखाद्या घरात 'पणजोबा लष्करात होते' ही आठवण राहते आणि पोरं पलटणीच्या याद्या चाळत बसतात. तुमच्या घराला निदान 'आगवाला' हा शब्द आठवतोय, ही मोठी शिदोरी आहे. आगवाला म्हणजे भट्टीवरचा, कोळसा ओढून आणणारा तो कोयलावाला. इंग्रजीत हे दोघे फायरमन आणि ट्रिमर. याद्यांत 'भंडारी' असा शब्द दिसला तर तो जातीचा समजू नका, बोटीवर भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. कसाब म्हणजे कोठाराचं सामान सांभाळणारा. हे ठाऊक नसलं की माणूस हातचा निसटतो.

लढाईत बोटीवर मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं संकेतस्थळ आहे, शोध मोफत आहे. समुद्राखेरीज ज्यांना थडगं नाही, अशा पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकावर आहेत. मशीद बंदरला आहे ते. शोधताना आडनाव टाकून बसू नका. आगवाल्याचं आडनाव लिहिलंच असेल, असं नाही. विठूचा 'विट्टो' होतो, गोविंदचा 'गोविन', रत्नागिरीचं काय काय होतं ते विचारू नका. बापाचं नाव, गाव, जिल्हा, बोटीवरचं काम, जसं जुळेल तसं लावून बघा.

दुसरा मार्ग खलाशांच्या हजेरीपत्रकांचा. ब्रिटिश बोटींवरच्या १९१५ सालच्या माणसांच्या याद्या, साडेसात लाखांहून अधिक नावं, इंटरनेटवर मोफत शोधता येतात. हिंदी खलाशांच्या सगळ्या याद्या त्यात नाहीत, तरी पहिला हात तिथेच घाला. १८६३ ते १९३८ या काळातल्या साधारण सत्तर टक्के याद्या कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास अभिलेखागारात आहेत. पण तिथे माणसाच्या नावावरून नाही, बोटीवरून शोधावं लागतं. म्हणून बोटीचं नाव हवं. घरात माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, जुन्या पेटीत पत्र्याची नळी आहे का बघा. खलाशी आपला नोकरीचा दाखला तशा नळीत गुंडाळून ठेवत, त्यालाच 'नल्ली' म्हणत. पणजोबा तो बरोबर घेऊन गेले असणार, तरी आधीचा एखादा जुना कागद, मनिऑर्डरीची पावती, काहीही राहिलेलं असू शकतं. मुंबईत तुमच्या गावाची खोली होती का, ग्रामस्थ मंडळ होतं का, हेही विचारा. मंडळाच्या वर्गणीच्या वहीत कुणी कुठल्या साली पैसे दिले ते लिहिलेलं असतं. दुसऱ्या घराची कुजबुज खरी असेल, तर तिचा पुरावा सरकारी दप्तरापेक्षा त्या वहीत आधी मिळेल.

'बोट बुडाली' हे मात्र जसंच्या तसं धरू नका. किनाऱ्यावर बोट बुडण्याच्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी 'रामदास' बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर कितीतरी घरांत आधीची बुडालेली माणसंही नकळत 'रामदास'वर चढली. तुमच्या घरी ही गोष्ट कोण, कधीपासून सांगतं, ते तपासा. सालं पक्की करायला म्हाताऱ्या माणसाला इसवी सन विचारू नका, मानमोडीच्या साथीआधी की नंतर असं विचारा. ती इन्फ्लुएन्झाची साथ १९१८ ची.

आणि पणजोबांचं नाव कुठल्याच यादीत नाही निघालं, तर 'म्हणजे दुसरं घर होतं' असं गणित मांडू नका. आगवाले भट्टीपुढे उष्म्याने मेले, परक्या बंदरातल्या इस्पितळात तापाने गेले, आणि सगळ्यांची नावं स्मारकावर आली असं नाही. मुंबईत दुसरं बिऱ्हाड करणारेही होते. यांतलं तुमच्या पणजोबांचं काय, हे आज तुम्हाला किंवा मला ठाऊक नाही, आणि कुंकवावरूनही ते ठरत नाही. तो जिवंत आहे हे कळलं म्हणूनही बाई कुंकू लावते. प्रेत दिसलं नाही, मग कशावरून मानू, म्हणूनही लावते.

राहिली आत्या. 'उकरू नकोस' म्हणणाऱ्या माणसाला बऱ्याचदा सगळ्यात जास्त माहीत असतं. पण तिच्यासाठी ही पणजी म्हणजे आजी आहे. वीस वर्षं ती तिच्याजवळ झोपली असेल. तुम्ही 'पणजोबांचं दुसरं घर होतं का' असं विचारलंत की तिला आपल्या आजीची अब्रू चव्हाट्यावर आल्यासारखं वाटणार. म्हणून पणजोबांबद्दल एक अक्षर विचारू नका. फोनवर रेकॉर्डिंगही लावू नका पहिल्या दिवशी. आजी कशी होती, काय रांधायची, कुणावर रागवायची, माहेरी किती वेळा गेली, ते विचारा आणि ऐकत बसा. तिने सांगायचं नाकारलं तर तिचा मान ठेवा, तहसीलातले कागद कुठे पळून जात नाहीत.

शक्य झालं तर पितृपक्षाच्या आसपास जा. तेव्हा गेलेल्या माणसांचा विषय काढावा लागत नाही, तो घरात असतोच. आणि मग सहज एवढं विचारा : आजीचा म्हाळ आपल्याकडे कधी घालतात? नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीचा अविधवा नवमीला घालतात. बुडून, अपघातात, लढाईत गेलेल्याचा चतुर्दशीला, तिथीच ठाऊक नसेल त्याचा सर्वपित्रीला. काही घरांत सगळ्यांचा मिळून एकच म्हाळ असतो, तसं असेल तर यातून काही कळणार नाही. पण तुमच्या घरी वेगवेगळे घालत असतील, तर १९५८ साली पणजी गेल्यावर तुमच्या आजोबांनी आपल्या आईसाठी कुठली तिथी धरली आणि बापाचं पान ते कुठल्या दिवशी वाढत, किंवा वाढतच नसत, हे आत्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बाप गेला तेव्हा चार वर्षांचा असलेला तो मुलगा, त्याला पुढे काय सांगितलं गेलं आणि त्याने काय मानलं, याचा याहून जवळचा दाखला दुसरा नाही.

आत्या काय म्हणाली, आणि फेरफारात पणजीच्या नावाआधी कुठली अक्षरं निघाली, ते मला नक्की कळवा.